अंधार रंगवणारे सर

अंधाराची खरी पारख असलेला माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे आणि तो डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. तुम्हाआम्हाला अंधार म्हणजे उजेड नसणं, एवढंच कळतं. सरांना त्याच्या जाती, पोटजाती आणि त्यांच्या आपसातल्या सोयरिकीही ठाऊक होत्या. नौपाड्यात दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ होता आणि तिथे तीन वर्षं एका मोठ्या चित्रपटाचं काम चाललं होतं. चित्रपट कार्टूनचाच, पण ससे आणि परी असलेला नव्हे; बघणाऱ्याच्या छातीवर दगड ठेवणारा. त्याचं नाव मी इथे देत नाही. ज्या थोड्या लोकांनी तो पाहिला, त्यांनी तो विसरून आमच्यावर उपकारच केले आहेत. स्टुडिओत प्रत्येकाला एकेक काम वाटून दिलेलं होतं. एक मुलगी फक्त केस हलवायची, एक जण फक्त पाणी करायचा आणि सर फक्त अंधार रंगवायचे. मी सरांचा मदतनीस. गावी आईला कुणी विचारलं, की तुमचा मुलगा काय करतो, तर ती 'कंपनीत आहे' म्हणायची. मुलगा पदवी घेऊन ठाण्याला अंधार रंगवतो, हे तिला कुणाला सांगणं शक्यच नव्हतं.

सरांच्या संगणकात काळ्या रंगाच्या साठ-सत्तर छटा होत्या आणि प्रत्येकीला त्यांनी नाव दिलेलं होतं. 'पिंपाखालचा', 'देवघरामागचा', 'कपाट नुकतंच उघडल्यावरचा', 'वीज गेल्यावर पहिल्या मिनिटाचा'. त्यातही 'पिंपाखालचा एक' आणि 'पिंपाखालचा दोन' वेगळे. कारण दुसऱ्या पिंपात पाणी कमी. मुंबईच्या कॉलेजांतून आलेली आमची मंडळी हसायची. केस हलवणारी मुलगी एकदा म्हणाली, "सर, माझ्या स्क्रीनवर तर सगळे सेमच दिसतात." सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमच्या स्क्रीनवर दिसतात, की तुम्हाला दिसतात? कारण स्क्रीन बदलून मिळतो." चंद्राशी तर त्यांचं उभं वैर. दिग्दर्शक तरुण होता, हौशी होता, प्रत्येक दृश्यात त्याला एखादा चंद्र हवा असायचा. सर तो चंद्र न विचारता काढून टाकायचे. "चंद्र म्हणजे आळशी चित्रकाराचा बल्ब आहे," असं ते म्हणत. एकदा दिग्दर्शकाने मृत्यूची खूण म्हणून लाल कावळा मागितला. सरांनी शांतपणे विचारलं, "कावळा लाल केला तर लोकांना मृत्यू आठवेल, का कुणी कावळ्याला रंगपंचमीला गाठलं असं वाटेल?" कावळा काळाच राहिला, आणि काळ्यावर काळा असल्याने तो चित्रपटात आहे हे फक्त सरांना आणि मलाच ठाऊक होतं.

मला ही नोकरी सरांमुळे लागली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि पदवीही वाणिज्य शाखेची. वर्षभराचा अ‍ॅनिमेशनचा क्लास केलेला, एवढीच शिदोरी. मुलाखतीला आलेल्या बाकीच्या मुलांकडे ड्रॅगन होते, तलवारी होत्या, पंखवाले घोडे होते. माझ्या वहीत आमच्या गावच्या स्वयंपाकघराचं एक पेन्सिलचित्र होतं, आणि ते दाखवायची मला लाज वाटत होती. सरांनी नेमकं तेच पान धरलं. "यात खिडकी कुठे आहे?" "खिडकी नव्हतीच, सर." "दिसतंय," ते म्हणाले, "खिडकी नसलेल्या खोलीत वाढल्याशिवाय असा कोपरा काढता येत नाही." आमच्या घराला खिडकी नसण्याचा कुणाला काही उपयोग होईल, असं मला तोवर वाटलं नव्हतं. कामाच्या पहिल्या दिवशी मी वडिलांनी मुद्दाम घेऊन दिलेला पांढरा शुभ्र शर्ट घालून गेलो. सर मला बघून दोन पावलं मागे सरकले. पांढऱ्या कपड्याचा उजेड स्क्रीनवर पडतो आणि अंधार नासतो, म्हणून त्यांच्या खोलीत पांढऱ्याला बंदी होती. त्यांनी खिडकीचा जादा काळा पडदा आणून माझ्या गळ्याभोवती गुंडाळला आणि मी संध्याकाळपर्यंत तसाच बसलो. पाणी करणारा डोकावून म्हणाला, "काय रे, कटिंगला बसलायस का?" दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःचे दोन काळे सदरे मला आणून दिले. त्यातला एक अजून माझ्याकडे आहे.

सर कुणाच्या घरी गेले तर आधी यजमानांकडे न बघता पलंगाखाली बघायचे. एकदा ते दिवा स्टेशनजवळच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आले. आई तेव्हा गावाहून आलेली होती. मुलाचे साहेब येणार म्हणून तिने पोहे केले, गादीवर नवी चादर घातली. साहेब आले, नमस्कार करून जमिनीवर आडवे झाले आणि खाटेखाली बघत राहिले. आईने मला मोरीकडे ओढलं आणि हळूच विचारलं, "काय सांडलंय का रं त्यांचं?" तेवढ्यात सर उठून तिथेच आले आणि मोरीत डोकावून अगदी मनापासून म्हणाले, "आई, तुमच्या मोरीतला काळोख फार सुंदर आहे." आईला हा आयुष्यातला सर्वात मोठा अपमान वाटला. दिव्यात पाणी दिवसाआड येतं. तरी दुसऱ्या दिवशी पाणी आल्या आल्या तिने सगळं पिंप ओतून मोरी घासली, आणि त्या आठवड्यात मी शेजाऱ्यांकडे आंघोळ केली.

सिनेमागृहात त्यांच्यासोबत जाणं म्हणजे भांडणाला जाणं. पडद्याशेजारी बाहेर पडण्याच्या दारावर तो हिरवा दिवा असतो ना, त्यावर त्यांचा राग. ठाण्यातल्या एका सिनेमागृहाच्या मॅनेजरला त्यांनी मध्यंतरात गाठलं. मॅनेजर म्हणाला, "काका, आग लागली तर पब्लिक बाहेर कसं पडणार?" सर म्हणाले, "चित्र चांगलं असेल तर पडणार नाही." शेवटी त्यांनी उभं राहून दिव्याला स्वतःचा रुमाल अडकवला आणि आम्ही आग न लागताच बाहेर पडलो.

आता चित्रपटाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खाडीकाठी मिठागरांचं एक गाव, जिथे सूर्य उगवायचा थांबला आहे. एका मुलीचा भाऊ मीठ ओढायला गेला तो खाडीने नेला. मुलगी एक छोटा दिवा घेऊन खाडीच्या तळाशी असलेल्या काळ्या मुलखात त्याला शोधायला उतरते. तिथला नियम एकच, मागे वळून बघायचं नाही. ती चालत राहते, हाका मारत राहते, आणि भाऊ कुठेच नसतो. शेवटच्या प्रसंगात थकून, हरून, नियम मोडून ती वळते, दिवा वर करते, आणि तो तिच्या पाठीशीच उभा असतो. पहिल्यापासून होता. ही युक्ती दिग्दर्शकाच्या कागदावर नव्हती; तिथे भाऊ फक्त शेवटी प्रकट व्हायचा. सरांनी त्याला बत्तीस प्रसंगांत आधीच रंगवून ठेवलं. पहिल्यात तो दूर तिवरांच्या झाडीत, दुसऱ्यात एक पाऊल पुढे, असं करत बत्तिसाव्यात त्याचा हात तिच्या खांद्यापासून चार बोटांवर. रंग अंधाराहून फक्त एका छटेने उजळ. बघणाऱ्याला तो दिसायचा नाही, फक्त आपल्या पाठीशी कुणीतरी आहे असं वाटत राहायचं, आणि शेवटी दिव्याचा पिवळा उजेड त्या चेहऱ्यावर पडला की सगळी बत्तीस पावलं एकदम अंगावर यायची. त्यासाठी सरांनी तो दिवा सोडून साऱ्या चित्रपटातून पिवळा रंग हद्दपार केला होता. हळद राखाडी, झेंडू राखाडी. कुणीतरी नजरचुकीने एका कोंबडीचे पाय पिवळे ठेवले तर सर सगळ्या मजल्यावर ओरडत फिरले, "पिवळा कोणी चोरला? कोंबडीला पिवळा कोणी दिला?" खालच्या दवाखान्यातला पेशंट तोंडात कापूस घेऊन जिन्यात येऊन बघून गेला.

मी एकदा विचारलं, "सर, लोकांना दिसणारच नाही तर इतकी मेहनत कशाला?" ते म्हणाले, "गेलेलं माणूस कुठे जात नाही रे. आपण वळत नाही, एवढंच. ते लोकांना सांगायचं नाही. त्यांच्या पाठीला कळलं पाहिजे."

आणि तो भाऊ म्हणजे मी होतो. सरांना नमुन्यासाठी कुणीतरी सडपातळ, खांदे पाडून उभा राहणारा हवा होता. "तू बऱ्यापैकी संकोचून उभा राहतोस," ते कौतुकाने म्हणाले. स्टुडिओच्या सामानाच्या खोलीत मी मीठ ओढायच्या दांड्याऐवजी छत्री धरून तासन् तास उभा राहायचो आणि सर दाराच्या फटीतून बघत रंगवायचे. मध्येच म्हणायचे, "श्वास घेऊ नकोस, कडा हलते." गावाकडच्या मुलाला शहरात कुणी इतका वेळ बघत बसेल, हेच मला पुष्कळ वाटायचं.

चित्रपट पूर्ण झाला. निर्मात्यांनी तो सकाळी अकरा वाजता, गच्चीत, उन्हात, मोबाइलवर पाहिला. नंतर सगळ्यांना बोलावून म्हणाले, "अरे भाई, यात दिसतं काय? दीड तास मी माझंच थोबाड बघत बसलो काचेत." सर म्हणाले, "मग परिणाम झालाय म्हणायचा." कुणीही हसलं नाही. निर्माते वाईट नव्हते. आम्हाला घरच्या लग्नात मानाने जेवायला बसवणारे होते. पण त्यांना चार ठिकाणांहून तेच सांगण्यात आलं होतं, की आता लोक फोनवरच बघतात. ते म्हणाले, "सर, सगळं उजळ करून द्या. चार दिवस आहेत." सर म्हणाले, "नाही." "थोडं तरी?" "नाही." "मग तुम्ही आता घरी आराम करा," निर्माते म्हणाले. सरांनी चष्मा पुसला, डबा घेतला आणि ते डोंबिवलीला निघून गेले. जाताना मला म्हणाले, "येतो रे." मी उभा राहिलो. मला उभं राहणं चांगलं जमतं, हे वर आलंच आहे.

दुसऱ्या दिवशी निर्मात्यांनी मला बोलावलं. "तुला येतं ना हे? सगळा चित्रपट एकदम वर घे. आणि ऐक, शेवटी नावं येतात ना, तिथे रंगविभाग प्रमुख म्हणून तुझं नाव टाकू." मी एवढंच म्हणालो, "साहेब, मागे एक जण आहे." "कुठे मागे?" "चित्रात. उजळ केलं तर दिसेल." ते हसले. "दिसू दे की! काहीतरी दिसू दे लोकांना." सरांचा नंबर माझ्या फोनमध्ये सर्वात वर होता. पहिल्या दिवशी मी तो दोनदा काढून बघितला. मग स्वतःची समजूत घातली, की सर नाहीच म्हणणार, त्यांना पुन्हा कशाला दुखवा. ही समजूत फार मऊ होती आणि मी चार दिवस तिच्यावर लोळत होतो. खरं असं, की सर नाही म्हणाले असते तर मलाही नाही म्हणावं लागलं असतं, आणि मला माझं नाव पडद्यावर हवं होतं. आमच्या घराण्यात कुणाचं नाव शिधापत्रिकेपलीकडे छापलं गेलेलं नाही. मी सगळ्या चित्रपटावर उजेड वाढवायची एकच पट्टी फिरवली आणि अंधार चाळीसने वर घेतला. तीन वर्षांचं काम उलटवायला चार दिवससुद्धा लागले नाहीत; दुपारच्या जेवणाआधी झालं. उरलेले दिवस मी काम करत असल्यासारखा बसलो.

पहिला खेळ ठाण्यात होता. आईवडील गावाहून आले होते. दिवे मालवले, मुलगी खाडीत उतरली, आणि तिसऱ्या रांगेतून एका लहान मुलाचा खणखणीत आवाज आला, "मम्मी, तो बघ, मागेच उभाय!" लोक हसले. पुढच्या प्रसंगात मुलगी आर्त हाक मारते, "दादा!" तर चार-पाच पोरं एकदम ओरडली, "अगं मागे! मागे बघ!" दहाव्या प्रसंगापासून मोठी माणसंही सामील झाली. "ही पोरगी आंधळी आहे काय?" "ए दादा, हात लाव की तिला!" छत्री धरून श्वास रोखलेला मी पडद्यावर वीस फूट उंच उभा होतो, आणि सातशे माणसं मला हसत होती. आईने मला कोपराने ढोसलं आणि आनंदाने म्हणाली, "आरं, ह्यो तर तूच!" तिला तो चित्रपट फार आवडला. निर्माते मध्यंतरात हात चोळत म्हणाले, "पब्लिक एन्जॉय करतंय!" शेवटी मुलगी वळली, दिवा वर झाला, पिवळा उजेड पडला, आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. "सापडला एकदाचा!"

सर आले होते. तिकीट काढून, बायकोला घेऊन, उजव्या कडेला बसले होते, नेमके त्या हिरव्या दिव्याखाली. एरवी रुमाल काढणारा माणूस त्या उजेडात हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसला होता. शेवटी नावं आली. रंगविभाग प्रमुख म्हणून माझं नाव एकट्याचं, मोठं आलं. वडील टाळ्या वाजवायला उभे राहिले. सरांचं नाव बऱ्याच वेळाने आलं, आभाराच्या यादीत, डबेवाल्या मावशींच्या खाली. मी दुसऱ्या दाराने बाहेर पडलो. चित्रपट आठवडाभर चालला आणि उतरला.

आठ महिने मी डोंबिवलीला गेलो नाही. नौपाड्याचा स्टुडिओ बंद झाला. मला दुसरीकडे चांगली जागा मिळाली, त्या पडद्यावरच्या नावाच्या जोरावर. एका रविवारी दुपारी मात्र मी निघालो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा जुळवलं. दार काकूंनी उघडलं. सरांच्या बायकोला मी काकू म्हणतो. त्या मला बघून आतल्या बाजूला वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, तो भाऊ आलाय हो आपला." मग मला, "या. आता मागेच उभे राहू नका, पुढे या. पोरं ओरडतील."

सर खाली बसून वर्तमानपत्रावर मटार सोलत होते. केस आणखी पांढरे झाले होते. "बस," ते म्हणाले आणि माझ्याकडे मटारचा ढीग सरकवला. मी बसलो, सोलायला लागलो. जुळवलेलं सगळं विसरलो. पाच-सहा शेंगा झाल्यावर म्हणालो, "सर, माझी चूक झाली." ते म्हणाले, "किडका बाजूला टाक." मी टाकला. काकू म्हणाल्या, "आठ महिने लागले वाटतं ठाण्याहून डोंबिवलीला यायला?" सर म्हणाले, "अगं, असू दे." थोड्या वेळाने त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती वर घेतलंस?"

"चाळीस."

"सगळीकडे?"

"सगळीकडे, सर."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवर बोटाने एक चौकट काढली, चित्रपटाच्या चौकटीसारखी, आणि तिच्यात एक मटार ठेवला. "हा तिचा दिवा. हा थोडा मोठा केला असतास. याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर आणि पुढच्या वाटेवर पडला असता. मोबाइलवरसुद्धा स्पष्ट दिसली असती पोरगी. मागच्या अंधाराला हात लावायची गरजच नव्हती. बत्तीस दिवे वाढवायचे होते, बस. चार दिवसांत सहज झालं असतं. दोघांनी मिळून केलं असतं तर दोन."

मी म्हणालो, "पण सर, तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

"त्यांना नाही म्हणालो होतो," सर म्हणाले. "तुला कुठे म्हणालो? तू विचारलंसच कुठे?"

काकू मटार उचलायला आल्या आणि त्यांनी चौकटीतला दिवाही उचलून पातेल्यात टाकला. जेवूनच जा म्हणाल्या, मी जेवलो. सर जेवताना नव्या नोकरीबद्दल विचारत होते, तिथे पडदे कसले आहेत, खोलीत ट्यूबलाइट किती आहेत. आईची मोरी कशी आहे, हेही विचारलं. मी चाचपडत उत्तरं दिली. त्यांनी रागावून एखादा शब्द बोलावा म्हणून मी ताटावरून उठायचं लांबवत राहिलो, पण त्यांनी मला फक्त आणखी भात वाढला.

आता मी त्यांना फोन करतो. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. नव्या कामात काही अडलं, की विचारतो, "सर, इथे काय करू?" आणि ते सविस्तर सांगतात. पुष्कळदा काय करायचं ते मला आधीच ठाऊक असतं. तरी विचारतो.